केसपेपरवरचं वय: एकोणीस

केसपेपरच्या खिडकीवर वय विचारलं की त्या मुली एकोणीस सांगायच्या. क्वचित कुणी वीस म्हणे, पण बहुतेक जणी एकोणीसच. अठरा म्हटलं की ऐकणाऱ्याला शंका येते, बावीस म्हटलं तर चेहऱ्याकडे बघून पटत नाही. म्हणून त्यांच्याकडून घोकून घेतलेलं ते वय. नावं बदलत, जिल्हा कधी मुर्शिदाबाद असे, कधी नुवाकोट, कधी बेळगाव; वय तेवढं बदलत नसे. मध्य मुंबईतल्या ज्या सरकारी रुग्णालयात मी अधिपरिचारिका म्हणून रुजू झाले, तिथून कामाठीपुऱ्याची वेश्यावस्ती फार लांब नव्हती. खिडकीवरच्या कारकुनापासून वॉर्डातल्या मावशींपर्यंत सगळ्यांना या एकोणीसचा अर्थ कळत होता. कळल्यावर करायचं काय, हे मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

मी मूळची तासगाव तालुक्यातली. शिक्षण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये झालं. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते रुग्णालय. आमच्या ट्यूटर सिस्टर एका गोष्टीसाठी फार आग्रही होत्या: पेशंटच्या पायथ्याशी उभं राहून बोलायचं नाही. उशाशी जायचं, त्याच्या नजरेच्या पातळीवर यायचं आणि मगच काय ते विचारायचं. तेव्हा ती शिस्त जाचक वाटे. पुढे अधिपरिचारिकेची परिसेविका झाले, मग सहायक अधिसेविका, आणि गेल्या वर्षी अधिसेविका म्हणून निवृत्त झाले. या सगळ्या काळात जे थोडंफार हातून झालं ते त्या एका सवयीवर झालं.

नव्या नोकरीतच १९९६ चा फेब्रुवारी आला. पोलिसांनी मुंबईतल्या कुंटणखान्यांवर मोठ्या धाडी घातल्या आणि चारशेहून अधिक मुली-बायका बाहेर काढल्या. त्यात नेपाळच्या मुली बऱ्याच होत्या. त्यांना ठेवायचं कुठे, याची तयारी नव्हती. गुरं मोजावीत तशा त्या मोजल्या जात होत्या. रक्त घेतलं जाई, पण कशासाठी घेतोय हे सांगितलं जात नसे. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला पुढे येईना. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला आणि जुलैमध्ये शंभराहून अधिक मुली काठमांडूला गेल्या. त्यांच्यातल्याच काही जणींनी ‘शक्ती समूह’ ही संघटना उभी केली, आणि २०१३ मध्ये या संघटनेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ती बातमी मी नर्सिंग स्टेशनला मोठ्याने वाचून दाखवली होती. त्या दिवसांत ज्यांच्याकडे आम्ही नुसत्या ‘रेडच्या मुली’ म्हणून पाहत होतो, त्यांच्यात एवढी ताकद होती, हे आमच्या तरुण सिस्टरांना कळायला हवं होतं.

मुलगी विकली जाते त्या वाटेवर निदान दोन ठिकाणी परिचारिका उभी असते: एक तिच्या गावच्या उपकेंद्रात, दुसरी शहरातल्या ओपीडीत. कोंडून ठेवलेल्या बाईला बँकेत नेत नाहीत, शाळेत नेत नाहीत, देवळातसुद्धा क्वचित नेतात. पण ताप चढला, गर्भ राहिला, गळू झालं की दवाखान्यात न्यावंच लागतं. आजारी मुलगी म्हणजे बुडालेलं उत्पन्न, हा कोंडणाऱ्यांचा हिशोब. तेवढ्या वेळापुरती ती आमच्यासमोर असते. या व्यापारावर इतकं लिहिलं-बोललं जातं, त्यात पोलीस, न्यायालय, संस्था, पत्रकार सगळे येतात. नर्स येत नाही. हे मला फार लागतं, कारण पहिली नजर बहुधा तिचीच पडलेली असते.

एक प्रसंग सांगते. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा लागू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि मी ड्रेसिंग रूमची इनचार्ज होते. एक मुलगी आली, मांडीवर पिकलेलं गळू, अंगात ताप. सोबत पन्नाशीची बाई. ‘भाची आहे माझी,’ म्हणाली. ‘दुखतं का?’ या प्रश्नालाही मुलगी आधी त्या बाईकडे बघे आणि मग मान हलवी. नाव बाईने सांगितलं, वय बाईने सांगितलं, अर्थात एकोणीस. पत्त्यातली गल्ली माझ्या ओळखीची होती. डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला. जखम खोल होती, आत गॉजचं पॅकिंग भरावं लागलं. अशा जखमेचं ड्रेसिंग रुग्णालयातच व्हायला हवं असतं. डॉक्टर गोळ्या लिहून मोकळे होत होते. मी म्हटलं, ‘सर, एक दिवसाआड ड्रेसिंगला बोलवा, आणि तसं केसपेपरवर लिहा.’ लिहिलेलं असलं की घरवाली, म्हणजे कुंटणखान्याची मालकीण, नाही म्हणू शकत नाही, जखम चिघळली तर तिचंच नुकसान.

ड्रेसिंग रूममध्ये नातेवाइकांना प्रवेश नाही, असा नियम मी आल्या आल्या केला होता. तो सगळ्यांना लागू होता, आमदाराच्या मेहुण्यालासुद्धा. एकाच पेशंटसाठी दार बंद केलं तर सोबत आलेली बाई सावध होते आणि पुन्हा फिरकत नाही. सगळ्यांसाठीच बंद असलं की कुणाला काही वाटत नाही. मावशी बाहेर स्टुलावर बसायच्या आणि आत कुणाला सोडायच्या नाहीत.

पहिल्या वेळी मी काही विचारलं नाही. गॉज काढताना सलाइनने नीट भिजवलं, हळू ओढलं. पुढच्या वेळी चहा दिला. जेवण, झोप, पाळी असं जे कुठल्याही पेशंटला विचारते तेच विचारत गेले. ‘रात को नींद आती है?’ म्हटलं, तर म्हणाली, ‘रात को कौन सोता है, दीदी?’ आवाजात तक्रार नव्हती. मी पायथ्याशी होते, हातातला फोरसेप ट्रेमध्ये ठेवला आणि उशाशी जाऊन बसले.

ती सुंदरबनातली होती, गोसाबाच्या बाजूची. आमच्याकडे कोलकात्याचे एक निवासी डॉक्टर होते, त्यांना बोलावलं. लसीकरणाच्या फेऱ्यांत आपण बायकांना मुलाची जन्मतारीख विचारतो तेव्हा पोळ्याच्या आधी की नंतर, निवडणुकीच्या वर्षी की दुष्काळात, असं विचारत विचारत वय काढतो. तीच पद्धत. डॉक्टरांनी तिच्या भाषेत विचारलं, आयला वादळ आलं तेव्हा तू कितवीत होतीस? ती पटकन म्हणाली, तिसरीत. आयला आलं २५ मे २००९ ला. म्हणजे एकोणीस सांगणारी ही मुलगी फार तर चौदा वर्षांची होती. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. वादळाने शेतात खारं पाणी घुसलं, पिकं येईनात, बाप केरळात मजुरीला गेला. गावातल्याच ओळखीच्या माणसाने सांगितलं, मुंबईत दवाखान्यात काम लावून देतो, पुढे नर्स होशील. आमच्या पेशाचं नाव सांगून तिला आणलं होतं. त्या माणसाबद्दल जो संताप तेव्हा आला तो आजही उतरलेला नाही.

पॉक्सोचं कलम १९ सांगतं की, बालकावर लैंगिक गुन्हा झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं ज्याला वाटतं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरी ‘सिस्टर, कशाला या भानगडीत पडता, साक्षीला फेऱ्या माराव्या लागतील,’ असं सांगणारे भेटलेच. फेऱ्या माराव्या लागल्या, मारल्या. ताप होताच, म्हणून तिला दाखल करून घेतलं, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सही केली, एका संस्थेच्या कार्यकर्तीला बोलावलं आणि साध्या कपड्यांतल्या महिला पोलीस अधिकारी वॉर्डात आल्या. पुढचं त्यांचं काम होतं. तिला ठेवलं होतं त्या घरातून आणखी मुली निघाल्या. आमची मुलगी बालकल्याण समितीसमोर गेली आणि तिथून बालगृहात.

सुटका हा शब्द वर्तमानपत्रात छापून येतो तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं, संपलं. रुग्णालयात काम करणाऱ्यांना माहीत असतं की त्यानंतरची रात्र फार वाईट असते. पुढे मी दुसऱ्या शहरात बदलून गेले, तिथे धाडीनंतरच्या मुली पोलीस व्हॅनमधून वैद्यकीय तपासणीला येत. पिटा म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे वय, इजा आणि लैंगिक आजार यांची तपासणी व्हावी लागते. ओढणीने तोंडं झाकलेल्या मुली कॅज्युअल्टीच्या बाकावर ओळीने बसलेल्या, येणारा-जाणारा थांबून बघतोय, दाराशी कॅमेरे. कित्येकींना ही तपासणी म्हणजे पोलिसांचीच शिक्षा वाटे. दलालांनी तसं पढवलेलंही असतं, की पोलिसांच्या हाती लागलात तर दवाखान्यात नेऊन सुया टोचतात, रोग लावतात.

सहायक अधिसेविका झाल्यावर हे बदलायचं मी ठरवलं. लेबर रूमच्या मागची एक अडगळीची खोली रिकामी करून घेतली. तिला आतून कडी बसवली, पडदा लावला. कॅज्युअल्टीच्या बाकावर एकही मुलगी बसणार नाही, व्हॅन मागच्या दाराला लागेल, असं पोलिसांशी बोलून ठरवलं. आधी पाणी आणि खायला, तोंडातले नमुने घ्यायचे नसतील तर. मग तपासणी कशाची, का आणि कशी हे तिच्या भाषेत सांगणं. मग संमती. नमुने घेऊन झाले की गरम पाण्याची आंघोळ, स्वच्छ कपडे, पॅड. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: तपासणीला नकार द्यायचा तिला हक्क आहे आणि नकार दिला म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. दोन बोटांची चाचणी त्याच सूचनांनी बंद केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच या चाचणीविरुद्ध निर्णय दिला होता. २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा ठणकावून सांगावं लागलं की जो ही चाचणी करेल तो गैरवर्तनाचा दोषी ठरेल. हे पुन्हा सांगायची वेळ यावी, यातच काय ते आलं. एचआयव्ही चाचणीचंही तसंच. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, आणि संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. माझ्या सिस्टरांना मी एवढंच सांगे, सुई हातात घेण्याआधी कारण सांगा. अलीकडे संबंध आलेला असेल तर एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस द्यायची असतात. हे तिला नीट कळलं नाही तर ती चौथ्या दिवशी गोळ्या फेकून देते.

वयाच्या बाबतीत मी जास्त भांडले. मनगटाचा, कोपराचा एक्स-रे काढला की झालं असं सगळ्यांना वाटतं. हाडांवरून काढलेलं वय दोन वर्षं इकडे-तिकडे होतं, आणि सोळा-अठरा असा शेरा आला की आरोपीचा वकील अठरा धरून बसतो. बाल न्याय कायद्याचं कलम ९४ आधी शाळेचा दाखला बघायला सांगतं, मग जन्मदाखला. हाडांची तपासणी अगदी शेवटी. म्हणून मुलगी शाळेचं नाव, बाईंचं नाव, वर्गातल्या मैत्रिणीचं नाव जे काही सांगेल ते सिस्टरने शब्दशः लिहून ठेवायचं. त्यावरून दाखला शोधता येतो.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. वेश्यावस्तीतली प्रत्येक बाई विकून आणलेली नसते. सांगलीच्या गोकुळनगरात वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायका ‘वॅम्प’ या संघटनेत एकत्र आल्या, एड्सच्या काळात त्यांनी घरोघर निरोध पोचवले. मी जवळच्याच भागातली, त्यांचं काम ऐकून आहे. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीने हा व्यवसाय करत असेल तर पोलिसांनी तिला त्रास देऊ नये, तिलाही सन्मानाने वागवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं. बाळंतपणाला आलेल्या अशा बाईला झिडकारून बोलणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत आणि त्यांना खोलीत बोलावून समज दिली आहे. जिला आपण आज टाकून बोलतो, ती उद्या शेजारच्या खोलीत कोंडलेल्या पोरीची खबर आपल्याला कशी देईल? अशा खबरा मला त्याच बायकांकडून मिळाल्या.

बालगृहात मी रविवारी जाऊ लागले. तिथल्या काळजीवाहकांची एक तक्रार कायम असे: पोरी दिवसा झोपतात, रात्री जागतात, शिवणाच्या वर्गात पेंगतात, आळशी आहेत. ज्या शरीराला दोन-तीन वर्षं पहाटेपर्यंत जागं ठेवलं गेलं ते एका आठवड्यात साडेनऊला झोपत नाही. नाइट ड्युटी केलेल्या कुठल्याही नर्सला हे समजावून सांगावं लागत नाही. आम्ही शिवणाचा वर्ग दुपारी घेतला आणि रात्री व्हरांड्यात दिवा चालू ठेवला. खरूज, रक्तक्षय, क्षय, दारूची लागलेली सवय, हातावरच्या ब्लेडच्या खुणा. या सगळ्यावर इलाज आहेत, आणि त्यातले बरेच नर्सच्या हातातले आहेत.

गोसाबाची मुलगी घरी परत जायला निघाली तेव्हा बालकल्याण समितीच्या आदेशाने पोलीस बंदोबस्त होता. मी रजा काढून सोबत गेले. गीतांजली एक्सप्रेसने हावडा, सियालदहहून लोकलने कॅनिंग, पुढे गोदखालीपर्यंत गाडी आणि मग नदीतून भुटभुटी, म्हणजे इंजिनाची होडी. आईने तिला ओळखलं आणि रडायला लागली. बाप बराच वेळ लांब उभा होता, मग त्याने तिची पिशवी उचलली.

माझं लक्ष मात्र तिथल्या उपकेंद्राकडे होतं. एएनएम माझ्याहून लहान, पण कामात पक्की. किशोरवयीन मुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, त्याची नोंदवही तिने समोर ठेवली. एकेका मुलीच्या नावापुढे टिकांची रांग आणि काही नावांपुढे ती रांग मध्येच तुटलेली. ‘ही मामाकडे गेली,’ ‘ही दिल्लीला कामाला गेली,’ ती सांगत होती, आणि सांगता सांगता तिचा आवाज खाली आला, कारण कोण कुठे गेलं याची तिलाही शंका होतीच. ती वही महिन्याला वर जाते, किती गोळ्या वाटल्या त्याचा आकडा काढला जातो. गोळी घ्यायला मुलगी का आली नाही, हे कुणी विचारत नाही. मी परत आल्यावर आमच्या जिल्ह्यातल्या एएनएम आणि आशांच्या प्रशिक्षणात हाच विषय घ्यायला लागले: सलग गैरहजर असलेल्या मुलीच्या घरी जा, कुणाबरोबर गेली, फोन येतो का, विचारा, समाधान झालं नाही तर ग्राम बाल संरक्षण समितीला आणि पोलिसांना लेखी कळवा.

आणि हा व्यापार फक्त देहविक्रीचा नाही. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीवरची एक लहान मुलगी नाशिकच्या रुग्णालयात दगावली, तेव्हा उघड झालं की थोड्या पैशांच्या आणि मेंढराच्या बदल्यात कातकऱ्यांची मुलं मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती. श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तो विषय लावून धरला. वेठबिगारी आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने बंद आहे. अंगावर वळ असलेलं, वजन न वाढलेलं, मालकाच्या माणसाबरोबर आलेलं पोर ओपीडीत बघितलं की नर्सने थांबायला हवं.

माझं मागणं साधं आहे आणि ते मी परिचर्या परिषदेच्या लोकांना भेटूनही मांडलं आहे. जीएनएम आणि बीएस्सीच्या अभ्यासात हा विषय प्रात्यक्षिकासह शिकवा. प्रत्येक रुग्णालयात पेशंटशी एकट्याने बोलता येईल अशी एक खोली ठेवा. आणि वॉर्डात माणसं द्या. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असं आहे. रात्रपाळीला चाळीस-पन्नास खाटा एकटीने सांभाळणारी सिस्टर कुणाच्या उशाशी बसणार?

नोकरीत असलेल्या माझ्या भगिनींना सांगते, पुरावा शोधणं आपलं काम नाही आणि दलालाशी वाद घालणं तर मुळीच नाही; त्याने मुलीचाच जीव धोक्यात येतो. तिला एकटीला गाठा, पुन्हा येण्याचं कारण केसपेपरवर लिहा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा, कळवा. घरी वाचणाऱ्यांनीही शेजारच्या घरात राबणारी लहान मुलगी, ‘गावाकडून आणली’ एवढंच सांगितलं जाणारी, एकदा नीट बघावी. मूल असेल तर १०९८, बाई असेल तर १८१, तातडी असेल तर ११२. मोफत वकील हवा असेल तर १५१००. फोन करायला खात्री असावी लागत नाही, शंका पुरते.